नकाशेबाईंची निब

नकाशेबाईंनी टोपण काढलं, पेन डाव्या हातात धरलं आणि दुकानातल्या वहीत लिहायला सुरुवात केली. अर्ध्या ओळीतच त्या थांबल्या.

“हे माझं नाही,” त्या म्हणाल्या.

मामाच्या पेनदुरुस्तीच्या दुकानात मागच्या खोलीत मुलांचा गच्चीवर तंबू ठोकायचा बेत अगदी रंगात आला होता. काठ्या कुठून आणायच्या यावरून भिंगरी आणि प्रोफेसर यांची चांगलीच जुंपली होती. पण ते वाक्य कानावर पडलं आणि भिंगरीच्या हातातली दोरी हातातच राहिली.

“बाई, टोपणावर तुमची आद्याक्षरं कोरलेली आहेत,” मामा हसून म्हणाला. “तुमचं नाही तर कोणाचं?”

“टोपण माझं आहे. दांडी माझी आहे. पण हे कागदाला ओरबाडतंय. चाळीस वर्षांत यानं एकदाही ओरबाडलं नव्हतं.”

“आत नवी रबरी नळी बसवलीय, सगळं धुऊनपुसून घेतलंय. थोडं वेगळं वाटणारच. दोन दिवस लिहा, हात बसेल.”

“दोन दिवस कुठे आहेत? उद्याच तर विक्री आहे.”

नकाशेबाईंनी पेन पिशवीत ठेवलं आणि त्या दुकानाच्या पायऱ्या उतरल्या. जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशांवर बारीक अक्षरांत नावं लिहिण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. गावात त्यांना दुसऱ्या नावानं कोणी ओळखतच नसे.

“काठ्यांचं काय ठरलं?” प्रोफेसरनं विचारलं.

“अं?” भिंगरी म्हणाली.

प्रोफेसरनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. भिंगरीला प्रश्न दोनदा विचारावा लागला, म्हणजे काहीतरी बिनसलंय एवढं त्याला कळत होतं. प्रोफेसर हा मामाचा मुलगा, वय तेरा. किमतींच्या जुन्या याद्या तो गोष्टीच्या पुस्तकासारखा वाचायचा. भिंगरी त्याच्याहून वर्षानं लहान, सुट्टीसाठी मामाकडे आलेली. सोबत तिचा सात वर्षांचा भाऊ. ताई जिथे जाईल तिथे हा मागे जोडलेला, म्हणून त्याचं नाव पडलं होतं पुरवणी.

भिंगरीचं खरंच बिनसलं होतं. मंगळवारी दुपारी बॅडमिंटनची रॅकेट फिरवत ती दुकानातून धावत गेली होती आणि रॅकेटचा दांडा मामाच्या कामाच्या टेबलाला लागला होता. दोन ताटल्या खाली पडल्या. त्यांतले काळे, सोनेरी बारके भाग जमिनीवर पसरले. तिनं ते घाईघाईनं वेचले, अंदाजानं दोन ताटल्यांत टाकले आणि कोणालाच काही सांगितलं नाही. मामा जेवायला वर गेला होता. त्याला काही कळलंही नाही.

आता तिला जेवण गोड लागेना. मामीनं दोनदा कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंची विक्री होती. त्यासाठी शहरातून एक पारखी आले होते. लोकांनी आणलेली वस्तू अस्सल की नकली ते सांगायचं, किंमत ठरवायची आणि नोंदवहीत लिहायची, हे त्यांचं काम. दुपारी चारला विक्री सुरू होणार होती. कोणी पितळी दुर्बीण आणली होती, कोणी भिंतीवरचं घड्याळ. पारखी उंच, सडपातळ आणि मोजकं बोलणारे. फार काही पाहावं न लागता ते सांगून मोकळे होत. “नकली. पुढचे.”

नकाशेबाईंचा नंबर यायला पावणेबारा वाजले. मामाही तिथे होता. तिन्ही मुलं खांबाजवळ उभी होती.

पारख्यांनी पेनाची दांडी अंगठ्यानं जोरात चोळली आणि नाकाशी धरली. “गंधकाचा वास येतोय. म्हणजे एबोनाइट, कडक केलेलं रबर. चांगलं आहे.” मग भिंग लावून त्यांनी दांडीवरचा ठसा पाहिला. उडता पक्षी आणि त्याच्या खाली आठचा आकडा. “ठसा स्पष्ट आहे. घासून पॉलिश केलेलं नाही, हे उत्तम. पॉलिश करून लोक ठसा घालवतात आणि वर चकाकी दाखवतात.” क्लिप हलवून पाहिली, टोपणाच्या आत डोकावून पाहिलं. प्रत्येक वेळी ते मान डोलावत होते, आणि प्रत्येक वेळी भिंगरीला जरा श्वास घेता येत होता.

मग त्यांनी भिंग निबेवर नेलं आणि मान डोलवायची थांबली.

“ही कंपनी दांडीवर आणि निबेवर एकच आकडा मारायची,” ते म्हणाले. “दांडीवर आठ आहे. निबेवर तीन. हे जोडकाम आहे, बाई. सगळं मूळचं असतं तर मी चाळीस हजार लावले असते. आहे तशा पेनाचे नऊ.”

“ती निब कधीच बदललेली नाही,” नकाशेबाई म्हणाल्या.

“निब खोटं बोलत नाही.”

रांगेत मागे कोणीतरी खुदकन हसलं. “चांगली निब वेगळी विकली असेल आणि हे इथे खपवायला आणलं असेल,” एक आवाज आला, मुद्दाम ऐकू जाईल एवढा.

नकाशेबाईंनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पेन उचललं. त्याला टोपण लावलं. “मी आयुष्यात नकाशावर एक नाव खोटं लिहिलं नाही,” त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या आणि भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसल्या.

भिंगरीनं मामाकडे पाहिलं. मामा काहीतरी बोलेल असं तिला वाटलं होतं. पण मामानं रुमालानं मान पुसली, “मला बँकेत जायचंय,” असं तो पुटपुटला आणि निघून गेला.

“चला दुकानात,” भिंगरी म्हणाली.

“आत्ता? ती दुर्बीण बघायची राहिलीय,” प्रोफेसर म्हणाला.

“चल म्हटलं ना.”

मामाच्या दुकानात एक जाडजूड चाचणीवही होती. पेन दुरुस्तीला टाकताना गिऱ्हाइकानं तिच्यात स्वतःच्या हातानं एक ओळ लिहायची आणि परत नेताना त्याखाली दुसरी, असा नियम होता. भिंगरीनं पानं उलटली. नकाशेबाईंच्या दोन्ही ओळी सापडल्या. गेल्या आठवड्यातली ओळ गुळगुळीत, भरदार. कालची अर्धी ओळ बारीक, आणि तिच्या कडेनं कागदाचे तंतू उठलेले.

“हात तोच, शाई तीच,” प्रोफेसर पुटपुटला. “अक्षर मात्र वेगळं पडलंय. म्हणजे निब दुरुस्तीच्या आधी वेगळी होती.” त्यानं खिशातलं भिंग काढून पहिली ओळ पाहिली. “ए, हे बघ. प्रत्येक उभ्या रेघेच्या डाव्या कडेला केसाएवढी दुसरी रेघ आहे.”

“म्हणजे काय?”

“निबेचं टोक एका बाजूनं झिजलंय. चाळीस वर्षं डाव्या हातानं लिहिलं तर झिजणारच. मग पारख्यांनी पाहिली ती निब कोणाची?”

भिंगरीनं आणखी एक पान उलटलं. त्याच आठवड्यात, त्याच बनावटीचं दुसरं काळं पेन दुरुस्तीला आलं होतं. मामाच्या गचाळ अक्षरात लिहिलं होतं, ‘दातांचे डॉक्टर. शाई गळते.’ खाली ‘आज सकाळी नेलं’ अशी नोंद होती. परत नेतानाची ओळ मात्र नव्हती. डॉक्टर घाईत असणार आणि मामानं त्यांना तसंच जाऊ दिलं असणार.

“दोन्ही निबांची अदलाबदल झाली,” प्रोफेसर म्हणाला. “कशी काय, तेच कळत नाही.”

भिंगरीला चांगलं कळत होतं. पण तिनं ते गिळून टाकलं आणि दवाखान्यात फोन लावला. तो लागायलाच तासभर गेला.

“डॉक्टर परिषदेला निघालेत,” पलीकडून नर्सबाई म्हणाल्या. “दोनची लाँच आहे त्यांची. परवा परत येतील.”

घड्याळात दीड वाजून गेला होता.

लाँचचा धक्का गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. दोन सायकली आणि माणसं तीन. पुरवणी भिंगरीच्या मागच्या कॅरिअरवर बसला आणि तोंडातला हलणारा दात जिभेनं ढकलत राहिला. बाजारातल्या गल्लीत हातगाड्या होत्या, पुलावर रस्ता खणून ठेवला होता. तिथे सायकली खांद्यावर घ्याव्या लागल्या. प्रोफेसरचा चष्मा दोनदा पडला. भिंगरी मागे न बघता पॅडल मारत होती. डॉक्टर गेले तर निब गेली, आणि निब गेली तर बाकावर बसलेल्या नकाशेबाईंबद्दल गाव आयुष्यभर तेच बोलत राहणार, हे तिच्या डोक्यातून हलत नव्हतं.

लाँच लागलेली होती. सामान चढत होतं. डॉक्टर लाँचवर चढायच्या फळीपाशी उभे राहून हमालाला सूचना देत होते.

“डॉक्टर, तुमचं पेन,” भिंगरी धापा टाकत म्हणाली.

“पेनाचं नाव काढू नकोस. तुझ्या मामाला सांग, गळत होतं तेच बरं होतं. आता बाजूला हो.”

“पण त्यात दुसऱ्याची निब बसलीय. आकडा बघा, दांडीवर तीन असेल आणि निबेवर आठ,” प्रोफेसर म्हणाला.

“बाळ, माझी लाँच सुटतेय. आकडे परवा बघू.”

डॉक्टरांनी फळीवर पाय ठेवला. भिंगरीनं इकडे तिकडे पाहिलं. तिची नजर पुरवणीच्या फुगलेल्या गालावर गेली.

“डॉक्टर, याचा दात हलतोय,” ती म्हणाली. “खूप हलतोय.”

डॉक्टरांचा पाय फळीवरून मागे आला. हलता दात समोर असताना पुढे निघून जाणं त्यांच्यानं होईना.

“आ कर. अजून मोठा. हं, आज-उद्या पडेल. ओढायचा नाही. मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या कर.”

“लिहून द्या ना. मामी माझ्यावर विश्वास ठेवणार नाही.”

डॉक्टरांनी खिशातून कागद काढला, पेन काढलं आणि ते लिहायला लागले. निबेनं कर्र असा आवाज केला आणि ‘मीठ’ लिहितानाच कागद फाटला.

“बघितलंस? सकाळपासून हेच चाललंय.”

“आता हे याच्या हातात द्या,” भिंगरी म्हणाली. “फक्त एकदा.”

पुरवणी डावखुरा होता. त्यानं पेन घेतलं, गुडघ्यावर कागद ठेवला आणि जीभ बाहेर काढून स्वतःचं नाव लिहिलं. निबेचा जरासाही आवाज आला नाही. शाईची ओळ लोण्यातून सुरी फिरावी तशी सरकत गेली. डॉक्टर वाकून बघत राहिले.

मग भिंगरीनं त्यांना सगळं सांगितलं. नकाशेबाई, पारखी, रांगेतलं ते हसणं. लाँचचा भोंगा एकदा वाजला.

“हे पेन सासऱ्यांनी दिलंय मला,” डॉक्टर म्हणाले. “तीन पोरांच्या हाती सोपवून गेलो तर घरी मला काय उत्तर देता येईल? पावती लिहून दे. कोणी नेलं, का नेलं, परत कधी देणार, सगळं लिही.”

भिंगरीनं त्याच पेनानं पावती लिहायला घेतली. तिच्या उजव्या हातात निब अडखळत होती, कागदाला टोचत होती. ‘का नेलं’ या जागी ती थांबली. मग एकेक अक्षर ओढत तिनं लिहिलं, ‘निबांची अदलाबदल बहुतेक माझ्या हातून झाली. मंगळवारी मी ताटल्या पाडल्या.’

प्रोफेसरनं तिच्या खांद्यावरून वाचलं. डॉक्टरांनीही वाचलं, पावतीची घडी घातली आणि पेन तिच्या हातात ठेवलं.

“माझी निब बसवून संध्याकाळची लाँच चालवणाऱ्या सारंगाकडे द्या. तो मला पोचवेल. पळा.”

वाटेत हॉलमध्ये शिरून भिंगरीनं नकाशेबाईंचं पेन घटकाभरासाठी मागून घेतलं. मामा बँकेत गेलेलाच नव्हता. दुकानाचं दार अर्धं ओढून तो कामाच्या टेबलाशी बसला होता. समोर चाचणीवही उघडी होती.

“मामा,” भिंगरी म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. रॅकेट, ताटल्या, अंदाजानं टाकलेले भाग. सांगून झाल्यावर तिनं दोन्ही पेनं टेबलावर ठेवली.

मामानं डॉक्टरांचं पेन उघडून निबेवरचा आकडा पाहिला.

“तू मंगळवारी पाडलंस,” तो म्हणाला. “निबा मी सोमवारीच बसवून टाकल्या होत्या. मंगळवारी त्या ताटल्यांत फक्त क्लिपा आणि जुन्या नळ्या होत्या.”

“मग?”

“दोन्ही निबा मी एकाच पेल्यात भिजत टाकल्या. फोन आला, बोलत बोलत काढल्या आणि समोर दिसलं त्या दांडीत बसवल्या. आकडे पाहायला हवे होते. पाहिले नाहीत. काल बाईंनी अर्धी ओळ लिहिली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. आणि आज हॉलमध्ये पारख्यांनी आकडे वाचले तेव्हा तर खात्रीच पटली.” तो भिंगरीकडे न बघता बोलत होता. “तिथे उभं राहून सांगायचं धाडस झालं नाही. दुकानाचं नाव जाईल असं वाटलं.”

भिंगरीला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण मामाचा पडलेला चेहरा तिला बघवेना.

“बाबा, पावणेतीन वाजलेत,” प्रोफेसर म्हणाला. “साडेतीनला नोंदवही बंद होते.”

मामा ताडकन उठला. त्यानं किटलीतलं गरम पाणी वाटीत ओतलं, दोन्ही पेनांची पुढची टोकं क्षणभर त्यात धरली, मग रबराच्या तुकड्यात निब पकडून सरळ ओढली. निब आणि तिच्याखालची काळी जीभ, जिच्यावरून शाई उतरते, दोन्ही एकदम बाहेर आली. या वेळी त्यानं आकडे मोठ्यानं वाचले आणि प्रोफेसरनं ते तपासले. आठ आठात, तीन तिनात. पुरवणीनं दिवा धरला होता. भिंगरीला काही काम नव्हतं, म्हणून ती दारापर्यंत जात होती आणि परत येत होती.

हॉलमध्ये पोचले तेव्हा पारखी टेबलावरच्या वस्तू आवरत होते. नकाशेबाई अजून बाकावर होत्या. मामा थेट टेबलापुढे गेला.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. रांगेतले लोक ऐकू लागले तसा त्यानं आवाज आणखी चढवला. “बाईंचं पेन अस्सलच होतं. दोन पेनांच्या निबा मी एकाच पेल्यात भिजवल्या आणि दुसऱ्या पेनाची निब यात बसवली. बाईंचा यात काहीही दोष नाही.”

पारख्यांनी पेन घेतलं, आठचा आकडा पाहिला आणि परत ठेवलं. “आकडा जुळतो. पण सकाळी मी आकड्यावरून किंमत पाडली आणि दुपारी तुम्ही बरोबर तोच आकडा घेऊन आलात. ही निब कुठून तरी मिळवलेली नाही कशावरून?”

भिंगरीनं काखेतली चाचणीवही टेबलावर ठेवली.

“ही ओळ बाईंनी दुरुस्तीच्या आधी लिहिलीय. तारीख आहे बघा. आता त्यांना पुन्हा लिहायला सांगा. आणि आधी तुम्ही लिहून बघा.”

पारख्यांनी भुवया उंचावल्या. तरी त्यांनी पेन उघडलं आणि कागदावर ओढलं. कर्र. त्यांनी पेन नकाशेबाईंपुढे धरलं.

बाईंनी ते डाव्या हातात घेतलं. त्या उभ्यानंच लिहू लागल्या. एक ओळ, मग दुसरी, मग तिसरी. थांबायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. हॉलमध्ये सगळे गप्प होते, तरी निबेचा आवाज कोणाला ऐकू आला नाही.

पारख्यांनी वहीतली ओळ आणि ही ओळ शेजारी शेजारी ठेवली आणि भिंग लावलं.

“डाव्या कडेला केसाएवढी रेघ,” ते म्हणाले. “दोन्हीकडे तीच. अशी झीज विकत मिळत नाही. निब यांचीच.” त्यांनी नोंदवही ओढली आणि सकाळची नोंद खोडली. “छत्तीस हजार. सकाळी चाळीस म्हणालो होतो. झिजेचे चार कमी करावे लागतात.”

“करा,” नकाशेबाई म्हणाल्या. “झीज माझीच आहे.”

पारख्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि ते मुलांकडे वळले. “सव्वीस वर्षं हे काम करतोय. आज मी आकडा वाचला, पण पेन लिहून पाहिलं नाही. तुम्ही ओळ वाचलीत. बाई, सकाळी तुम्हाला चारचौघांत जे ऐकावं लागलं, त्याला मीही जबाबदार आहे. माफ करा.” मग मामाकडे बघून ते म्हणाले, “आणि तुम्ही इथे आलात हे बरं केलंत. पुढच्या वेळी पेनं लागली तर तुमच्याकडेच पाठवीन. फक्त पेले दोन ठेवा.”

मामा पहिल्यांदा हसला. त्यानं भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायचं विसरून गेला. “हिनं आधी सांगितलं,” तो पारख्यांना म्हणाला. “म्हणून मला सांगता आलं.”

चारच्या विक्रीत शहरातल्या एका संग्राहकानं ते पेन सदतीस हजारांना घेतलं. सहाच्या लाँचला प्रोफेसर डॉक्टरांचं पेन सारंगाकडे देऊन आला.

नकाशेबाई वाचनालयाच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. भिंगरी त्यांच्याजवळ गेली.

“बाई, वाईट नाही वाटत? चाळीस वर्षं तुमच्याकडे होतं ते.”

“वाटतंय ना. हात रिकामा रिकामा वाटतोय.”

“मग विकलंत कशाला? एवढ्या पैशांचं करणार काय?” पुरवणीनं विचारलं. भिंगरीनं त्याला कोपर मारलं, पण तोवर प्रश्न सुटला होता.

“होडी घेणार आहे,” नकाशेबाई म्हणाल्या. “जुनीच आहे, पण इंजिन बरं आहे. हयातभर कागदावर नद्या काढल्या, प्रत्येक वळण मला पाठ आहे. एकीच्याही पाण्यात हात घातला नाही.”

“तुम्हाला होडी चालवता येते?” प्रोफेसरनं घाबरून विचारलं.

“नाही. रविवारी सकाळी सातला पहिला धडा आहे. शिकवणारा सोडून होडीत चौघं मावतात. पोहता येतं का तुम्हाला?”

भिंगरी ‘तिघांनाही’ म्हणणारच होती. पण थांबली.

“दोघांना येतं,” ती म्हणाली. “हा अजून शिकतोय.”

“मग आम्ही दोघं शिकाऊ,” नकाशेबाई पुरवणीला म्हणाल्या आणि पायऱ्या उतरू लागल्या. “आणि सात म्हणजे सात. मी कोणासाठी थांबणार नाही.”